वारा मालवणला सुटला की

अंजर्ले, ता. दापोली
मृगाचा तिसरा दिवस

प्रिय बायो,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रात्री बारा वाजता ऑनलाइन असतेस, कधी न बघितलेल्या बायकांशी एवढं काय बोलतेस?" तेव्हा वीज गेली नि बोलणं अर्धं राहिलं. म्हणून लिहायला बसले.

आम्ही अकरा जणी. मालवण, देवगड, गुहागर, श्रीवर्धन अशा सगळ्या किनाऱ्यालाच लागून. बोलतो ते रोजचंच. कुणाच्या आमसुलांना यंदा ऊन पुरलं नाही, कुणाची फणसपोळी चिकट राहिली, कुणाच्या सुनेला सातवा लागला. आगोटीची बेगमी तर मे महिनाभर पुरते बोलायला. पण ढग भरून आले की सगळ्यांचं बोलणं वाऱ्यावर येतं, आणि तिथे मला या बायकांची खरी किंमत कळली.

तौक्तेच्या वेळचं आठवतं? १६ मे २०२१, रविवार होता. वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडून वर सरकत होतं. मालवणच्या ताईने लिहिलं, "वारो सुटलो गो, माड वाकान जमनीक लागतत." मग देवगड, मग रत्नागिरी. इथे पोचेपर्यंत मी पडवीतली लाकडं आत घेतली होती, गाय मांगरातून सोडून आणली होती, मागल्या दाराला अडसर घातला होता. हवामान खात्याचा इशारा होताच, नाही असं नाही. पण ताईच्या दारातले माड वाकलेले ऐकले की हात वेगळे चालतात.

त्याच्या आदल्या वर्षीचं निसर्ग वादळ तसं नव्हतं. ३ जून २०२०. ते समुद्रातून थेट इकडे रायगडच्या अंगावर आलं आणि दुपारच्या काही तासांत आपलं आगर आडवं झालं. तुझ्या आजोबांनी लावलेल्या पोफळी एकीवर एक पडलेल्या. विजेचे खांब पडले, रेंज गेली. तू पुण्यात टाळेबंदीत अडकलेली. चौथ्या दिवशी शेजारच्या दादांनी रिक्षाच्या बॅटरीवर माझा फोन लावून दिला. तो घेऊन मी कड्यावरच्या गणपतीच्या वाटेने वर चढले. अर्ध्या वाटेवर फोन एकदम थरथरायला लागला. सगळे निरोप एकदम आले. मालवणच्या ताईने रोज सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं. "चाय झाली काय गो?" "आज पण नाय?" शेवटचा होता, "कुळथाची पिठी केलंय, तुझ्या वाटणीची झाकून ठेवलंय." बायो, मी त्या पायरीवर बसून रडले. पडलेल्या पोफळींसमोर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

मग तुला फोन लावला. तू विचारलंस, "सगळे ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक." दोन मिनिटांत फोन ठेवला. तुझी चूक नाही त्यात, तुझाही जीव टांगणीला लागला होता. पण "ठीक ना" विचारलं की माणूस "ठीक" म्हणतो. गेल्या आठवड्यात गुहागरच्या वहिनी दोन दिवस नुसतं "हो" लिहीत होत्या. एरवी त्या भाजीला फोडणी कसली दिली तेही सांगतात. श्रीवर्धनच्या काकींना शंका आली, त्यांनी फोन लावला. तर घराच्या एका अंगाची कौलं उडालेली, भावोजी मुंबईला आणि वहिनी एकट्या ताडपत्री धरून. मग तिथल्याच एकीने भाच्याला पाठवला.

म्हणून मी बारा वाजता जागी असते.

आज हर्णै बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा आहे. पागोळ्यांची धार तुटत नाहीये, खळ्यातलं पाणी पायरीला लागलंय. मालवणला मात्र शांत आहे, ताई आत्ताच म्हणाली. तू यापुढे पावसाची बातमी बघून फोन करशील तेव्हा काय जेवलीस ते सांग. गॅलरीतले कपडे वाळतात का, ऑफिसातली ती मैत्रीण परत आली का, ते सांग. मीही सांगेन.

उद्या एसटी सुटली तर ड्रायव्हरकडे पिशवी देते. आठळ्या आहेत, माती लावून ठेवलेल्या, धुऊन घे. आमसुलं वरच्या कप्प्यात आहेत, ती अजून थोडी ओली आहेत. पंख्याखाली पसर.

तुझी आई