विनंती विशेष

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आई, मायना वाचून तू हसशील. फोनवर 'हं' आणि 'जेवले' यापुढे न जाणारी मुलगी पत्रात एकदम पेशवाईत शिरली! पण गेल्या रविवारी तू विचारलंस, "तिथं तुझं म्हणावं असं कुणी आहे का गं?" मी "आहे" म्हणाले. तू गप्प झालीस आणि बाबांनी सिलिंडरचा विषय काढला. तुला ते खरं वाटलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात मंगळवारी आलं. माझं असंच. म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'स्वमग्नता', म्हणजे ऑटिझम, म्हटलं तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "ती तर लहान मुलांना असते ना?" असते, आणि मग ती मुलं मोठी होतात. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आमचाही समावेश आहे, पण दाखल्याचं आपण पुष्कळ बोललो आहोत, ते पुन्हा उगाळत नाही. तक्रार आहे ती शब्दाबद्दल. स्वतःत मग्न! मी स्वतःत कधी मग्न होते? मेणवलीच्या घाटावर मी कान दाबून रडले होते, आठवतं? ज्याला त्याला ती वसईहून आणलेली घंटा वाजवायची होती, आणि प्रत्येक टोला माझ्या दातांत शिरत होता. दादाच्या लग्नात बँड सुरू झाला तेव्हा मी कार्यालयाच्या न्हाणीघरात कडी लावून बसले, आणि मावशीनं सगळ्यांना सांगितलं की हिला भावाचं कौतुक नाही. बाहेरचं जग इतकं आत येत असताना स्वतःत मग्न व्हायला जागा कुठली?

असो. विशेष हे की मी दर शनिवारी साडेचार वाजता शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर जाते. आम्ही सात जण आहोत आणि मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचतो. एक निवृत्त पोस्टमास्तर (वय 71), एक वकिलीण, इतिहासाचे दोन विद्यार्थी, एक बँकेतले गृहस्थ, एक आजी ज्यांना फक्त चहा करायला आणि चुका काढायला आवडतं, आणि मी. पुण्यात मोडीचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून पडलेत, वाचणारे मोजके. आम्ही लोकांच्या घरचे कागद वाचून देतो: खतं, वाटण्या, पत्रं.

मोडी मला का जमते ते सांगते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, होईल तितका हात न उचलता, अक्षरं लिहीत जायची. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मुद्रितशोधन करून पोट भरणाऱ्या मला याचा खरं तर राग यायला हवा. पण लोकांचं बोलणं मला कायम असंच ऐकू येत आलंय, सलग, कुठं तुटतं ते न कळणारं. फरक एवढाच की कागद थांबतो. पुन्हा पाहिलं तरी 'एकदा सांगितलं ना' म्हणत नाही.

आणि मायने! थोरांना वेगळा, बरोबरीच्यांना वेगळा, धाकट्यांना वेगळा. 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असले पाहिजे. विशेष.' झालं. हवापाणी, तब्येत, सगळं दोन ठरलेल्या वाक्यांत उरकून थेट मुद्द्यावर. शाळेत बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकावर शेरा मारला होता, 'पाठ केल्यासारखी बोलते.' बाई, अख्ख्या पेशवाईचा कारभार पाठ केलेल्या वाक्यांवर चालला.

दुसऱ्याच शनिवारची गोष्ट. एका कागदावर सुहूर सन, म्हणजे पेशवाईतल्या कागदांवरचं साल, होतं. ते आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी आणि हजार शेवटी. पोस्टमास्तरांनी वाचलं, "समान सबैन मया व अलफ." म्हणजे आठ, सत्तर, शंभर, हजार: 1178. त्यात 599 मिळवले की इसवी 1777 (हे साल मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600). मी म्हणाले, "चूक आहे. समान नाही, सबा आहे. सात." एवढंच, पुढंमागं काही न लावता. खोली शांत झाली. माझ्या पोटात तो ओळखीचा गोळा आला, कारण अशा शांततेनंतर काय होतं हे मला दोन नोकऱ्यांत कळून चुकलं आहे. त्यांनी भिंग घेतलं. याच कागदात खाली 'समागमे' होतं, त्यातला 'मा' आणि वरचं अक्षर पाच मिनिटं ताडून पाहिलं. मग म्हणाले, "सबा. 1776. बरोबर आहे तुझं," आणि वहीत खोडून दुरुस्त केलं. चहा आला. कुणी म्हणालं नाही, 'काय बोलते ही, वय तरी बघावं.' मी रात्री वाट पाहत होते, कुणाचा तरी 'तुझ्याशी जरा बोलायचंय' असा निरोप येईल म्हणून. आला नाही.

डेमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक. त्यानं 2012 मध्ये मांडलं की आम्हाला इतर कळत नाहीत हे अर्धंच झालं, इतरांनाही आम्ही कळत नाही. गोंधळ दोन्ही काठांवर असतो. हे मी माडीवर कुणाला समजावलेलं नाही. फक्त ट्यूबलाइटचा गुणगुणता आवाज सोसत नाही एवढं सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी टेबलावर पिवळा दिवा होता. कुणी आणला ते अजून माहीत नाही.

आता मुख्य. जूनमध्ये मला चार दिवस ताप होता, तुम्हाला सांगितलं नाही, रागावू नका. शनिवार चुकला. फोन वाजला की मी उचलत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर एका चिठ्ठीचा फोटो आला. पोस्टमास्तरांचं अक्षर, मोडीत: 'काल येणे जाहले नाही. शरीरी समाधान आहे की कसे, ते लिहिणे.' मी पडल्या पडल्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर रेघ ओढली आणि खाली उत्तर लिहिलं. 'ज्वर आहे. उतार पडतो आहे.' दुपारी वकिलीणबाई दाराच्या कडीला मऊ भाताचा डबा अडकवून, बेल न वाजवता गेल्या. आई, तू 'कुणी आहे का' विचारलंस ना, त्याचं उत्तर हे आहे. लग्नाचं म्हणशील तर आत्ता तरी नाही. आणि 'आमच्यानंतर काय' हे तू मला झोप लागल्यावर बाबांशी बोलतेस ते मला ऐकू येतं. मला सगळंच ऐकू येतं.

बाबा, तुम्ही गच्चीवरच्या मापकातला पाऊस 1994 पासून रोज सकाळी सातला वहीत लिहिता आणि पाहुणे आले की माळ्यावर काहीतरी शोधायला जाता. मी निदान करत नाहीये. फक्त शनिवारी तिथं बसले की तुमची आठवण येते. एक खुर्ची रिकामी असते.

तर विनंती अशी. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, तुमच्या वह्यांच्या खाली, पणजोबांचं गहाणखत आहे. येताना दोघं ते घेऊन या, शनिवारी सकाळची एसटी धरा म्हणजे साडेचारला आरामात पोचू. कागदाची घडी आहे तशीच राहू द्या, जबरदस्तीनं उलगडू नका, सुती कापडात गुंडाळा. आणि बाबा, हात जोडते, मधल्या मधे वाईत कुठं नेऊन लॅमिनेट करू नका.

तुमची,
धाकटी