तोलेदोहून आल्यावर

माद्रिद, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल तोलेदोला जाऊन आले. इथून रेल्वेने अर्धा तास. फोनवर आईने विचारलं तेव्हा "छान आहे गाव" एवढंच बोलले, कारण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबा, तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

गाव उंच खडकावर आहे, तीन बाजूंनी ताखो नदीचा वेढा. आधी व्हिसिगॉथ या जर्मन टोळीच्या राजांची राजधानी, ७११ नंतर अरबांचं राज्य, १०८५ मध्ये सहाव्या अल्फोन्सो राजाने ते जिंकलं. चढणीच्या एका गल्लीत छोटीशी मशीद आहे, जेमतेम आठ मीटर लांब, तेवढीच रुंद. दर्शनी भिंतीत विटाच पुढेमागे बसवून अरबी अक्षरं काढलीत आणि बांधल्याचं साल त्यातच आहे, आपल्या हिशेबाने ९९९. आत नऊ लहान घुमट, पण एकासारखा दुसरा नाही. खालचे खांब त्याहून जुन्या व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले. पुढे तिचं चर्च झालं. सांगतात की, गावात शिरताना अल्फोन्सोचा घोडा तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. भिंत फोडली तर आत क्रूस आणि त्याच्यापुढे शेकडो वर्षं तेवत राहिलेला दिवा. घोडा बसला ती जागा म्हणून वाटेत एक पांढरा दगड बसवलाय. आई, तू असतीस तर त्या दगडाला हात लावून नमस्कार केला असतास.

पण मला लिहायचंय ते ज्यूंच्या आळीबद्दल. तिथली दोन सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, अजून उभी आहेत. त्यातलं एक पेद्रो राजाचा खजिनदार सामुएल हा-लेव्ही याने १३५७ च्या सुमारास बांधून घेतलं. बाहेरून साधी विटांची भिंत, आत गेल्यावर मात्र बोलणं थांबतं. चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी इतकी बारीक की लेस वाटावी, तिच्या कडेने चारी भिंतींवर हिब्रू ओळी फिरतात, मध्येच काही अरबी अक्षरं आणि कास्तीया या इथल्या तेव्हाच्या राज्याच्या राजचिन्हातले किल्ले नि सिंह. एकाच भिंतीवर तिघंही नांदतात. वर बायकांसाठी सज्जा. ज्या राजाची तिजोरी सांभाळली त्यानेच पुढे सामुएलला कैद केलं आणि छळात तो मेला. मग ज्यूंसाठी ३१ मार्च १४९२ चा हुकूम आला: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर जुलैअखेर देश सोडा. सोनं, चांदी, नाणी न्यायची नाहीत. आज तिथे संग्रहालय आहे. तिकीट काढून लोक येतात, प्रार्थनेला कोणी नाही.

तिथल्या बाकावर बसले आणि मला आपल्या अलिबागची इस्रायल आळी आठवली. बेने इस्रायलांचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचा, स्पेनशी काही संबंध नाही हे ठाऊक आहे. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज आले, असं ते सांगतात. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आजी सांगायची ना, शेजारचं कुटुंब इस्रायलला निघालं तेव्हा ती त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायला गेली होती. जाण्याआधी त्यांनी आपल्याकडे मलिद्याचं ताट पाठवलं, पोहे, खोबरं, गूळ, फळं. आपल्याकडून त्यांना कोणी "जा" म्हटलं नाही. तोलेदोच्या ज्यूंना म्हटलं. एवढा एक फरक मला काल फार मोठा वाटला, आणि आपण ज्या गावचे आहोत त्याबद्दल मनापासून बरं वाटलं.

आणखी एक. तोलेदोहून गेलेल्या ज्यूंच्या वंशात तोलेदानो हे आडनाव आजही आहे. म्हणजे तोलेदोकर! आपले रोहेकर, पेणकर, नौगावकर जसे. गाव सुटलं तरी नावाला चिकटून राहिलं.

कॅथेड्रल घाईत पाहिलं. १२२६ ला सुरू होऊन १४९३ ला पुरं झालेलं, त्याला एक अख्खा दिवस हवा. तिथल्या एका चॅपलमध्ये अरब राजवटीत राहिलेल्या ख्रिश्चनांची जुन्या पद्धतीची उपासना अजून चालते, ती ऐकायला पुन्हा जाणार आहे.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं गणित शिकवलंत म्हणून हे खास तुमच्यासाठी. १०६८ मध्ये तोलेदोच्या साईद अल-अंदलुसी नावाच्या काझीने जगातल्या राष्ट्रांच्या विद्येवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान भारतीयांना दिला आणि आपल्या आकडेमोडीच्या पद्धतीचं कौतुक केलं. त्यानंतर शंभरेक वर्षांत त्याच गावात बसून विद्वान अरबी ग्रंथांचं लॅटिन करत होते.

आई, इथलं मासापान नावाचं मिठाईचं पुडकं पाठवतेय. बदाम नि साखर, बस. तुझ्या काजूकतलीच्या जवळचं आहे, जरा जास्त गोड. बाबांना एकच तुकडा दे, साखर वाढते.

आणि बाबा, गुडघा साथ देत असेल तर एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी इस्रायल आळीतून चक्कर मारा. सिनेगॉगमध्ये दिवे लागलेले दिसले तर मला कळवा.

तुमची,
धाकटी