आवडीपलीकडचं विकत घेतल्याबद्दल

आदरणीय उली सिग यांस,
सप्रेम नमस्कार.

१९७० च्या दशकापासूनची चिनी समकालीन कला आज हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयात सलग पाहता येते, ती मुख्यतः तुम्ही जमवून दिलेल्या संग्रहामुळे. त्याबद्दल आभार.

तुम्ही आधी स्वित्झर्लंडमधले पत्रकार. १९७७ मध्ये शिंडलर या लिफ्टच्या कंपनीत गेलात आणि १९८० मध्ये चीनची पाश्चात्त्य कंपनीशी पहिली औद्योगिक भागीदारी जुळवलीत. १९९५ ते १९९८ बीजिंगमध्ये स्वित्झर्लंडचे राजदूत. पदं मोठी खरी, पण आमच्या मते संग्रहाच्या कामी आली ती पत्रकाराची सवय: जागेवर जायचं, ज्याचं काम त्यालाच विचारायचं, टिपून ठेवायचं.

सुरुवातीला तुम्हीही स्वतःच्या आवडीनंच घेत होतात. मग ध्यानात आलं की इतक्या मोठ्या देशात एकही संस्था स्वतःच्या काळाची कला पद्धतशीर जमवत नाही. तिथून निकष बदललात. संग्रहालयानं घ्यायला हवं होतं ते घेऊ लागलात. नुसत्या आवडीवर उभ्या राहिलेल्या संग्रहांची दुखणी ठरलेली असतात. एकाच चित्रकाराची वीस चित्रं, मधलं अख्खं दशक गायब, आणि दिवाणखान्यात मावत नाही म्हणून मांडणशिल्प (वस्तू जागेत मांडून केलेली कलाकृती) किंवा व्हिडिओ औषधालाही नाही. तुमच्या संग्रहात वांग ग्वांगयी आणि फांग लीजून यांच्या चित्रांबरोबर चिनी कलाकार आय वेवे यांची १२६ नवाश्मयुगीन मडकीही आहेत, त्यातली काही कारखान्यात वापरतात तसल्या पांढऱ्या रंगानं रंगवलेली. आरसा फोडायचा, चिकटवायचा, पुन्हा फोडायचा, एवढंच दाखवणारा चांग पैली यांचा १९८८ चा व्हिडिओही आहे. चीनमधली पहिली व्हिडिओकृती म्हणून तो ओळखला जातो.

असं काम सांभाळणं चित्रापेक्षा जिकिरीचं. टेपची चुंबकीय पट्टी कालांतरानं खराब होते, ती चालवणारी यंत्रं बाजारातून जातात. म्हणून मूळ टेप, डिजिटल प्रत आणि कलाकाराची लेखी सूचना, तिन्ही लागतात: कोणत्या पडद्यावर, किती आकारात, आवाज ठेवायचा की नाही. पहिल्या दोन गोष्टी उशिरा का होईना, जमवता येतात. तिसरी कलाकार हयात आहे तोवरच. घडत असतानाच कला जमवण्याचा हा फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही.

१९९७ मध्ये तुम्ही चिनी समकालीन कलेसाठी पुरस्कार सुरू केलात. त्यात रकमेपेक्षा परीक्षक मंडळ मोलाचं होतं, कारण परीक्षक म्हणून बोलावलेल्या परदेशी क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनांसाठी कृती निवडणाऱ्याला, ढीगभर कामं बारकाईनं पाहावीच लागतात. हाराल्ड झेमान त्यांपैकीच एक. १९९९ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांनी चिनी कलाकारांना मोठ्या संख्येनं स्थान दिलं. पुढे कलासमीक्षकांसाठीही पुरस्कार आला. पत्रकारालाच सुचावं असं!

२०१२ च्या व्यवहाराबद्दल मात्र थोडं सविस्तर. १,४६३ कृती तुम्ही एम प्लसला दान दिल्यात आणि ४७ कृती १७.७ कोटी हाँगकाँग डॉलरला विकल्यात. दान द्यायचं तर पैसे कसले, असं काहींनी विचारलं. आम्हाला ही रचना शहाणपणाची वाटते. फुकट आलेला संग्रह पुष्कळदा गोदामात पडून राहतो, कारण स्वीकारणाऱ्यानं जागा, विमा, जतन यांसाठी अंदाजपत्रकात काहीच धरलेलं नसतं. पैसे मोजणारी संस्था आधी हिशेब मांडते. शिवाय दानाचं मूल्य विक्रीच्या कितीतरी पट होतं, हे टीकाकार सोयीनं विसरतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये संग्रहालय उघडलं. त्याआधी, २०२० मध्ये, हाँगकाँगला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता. तिआनानमेनकडे मधलं बोट दाखवणारं आय वेवे यांचं १९९७ चं छायाचित्र तुमच्याच दानातलं, पण उद्घाटनाच्या प्रदर्शनात ते लागलं नाही. हाँगकाँग निवडण्यात तुमची चूक झाली, असं म्हणणारे आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. ही कला चिनी प्रेक्षकांपर्यंत परत जावी, असं तुमचं पहिल्यापासून म्हणणं होतं. युरोपातल्या एखाद्या संग्रहालयात प्रत्येक कृती बिनधास्त टांगता आली असती, पण ज्यांच्यासाठी हे सगळं जमवलं, त्यांतल्या बहुतेकांना ती पाहायला मिळाली नसती.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
संग्रहालयशास्त्राचे काही मराठी अभ्यासक