वकीलकाका, करार वाचायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय वकीलकाका,
सा. न.

बेळगावच्या कोर्टात जन्मभर जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलाचे आभार क्रीडा प्रसारणाच्या हक्कांचं काम करणारी मुलगी का मानते, असं कुणालाही वाटेल. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

तुमच्याकडे ज्युनिअर म्हणून आले तेव्हा पक्षकार खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडचे. उतारा कन्नडमध्ये, आजोबांच्या काळातलं खरेदीखत मराठीत. तुम्ही रकमेचा आकडा आधी बघूच द्यायचा नाहीत. "चतुःसीमा वाच." पूर्वेस कुणाचं रान, पश्चिमेस ओढा की वाट, हे बोट ठेवून सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. इतर ठिकाणी ज्युनिअर मुली तारखा घेण्यातच अडकलेल्या असायच्या. तुम्ही मला उलटतपासाला उभं केलंत.

आज मुंबईत एका प्रसारण कंपनीच्या विधी विभागात मी चतुःसीमाच वाचते. प्रदेश, मुदत, भाषा, माध्यम. खेळावर कॉपीराइट नसतो. मैदानात कॅमेरा कुणाचा येणार हे आयोजक करारानं ठरवतो, तिथून हक्क सुरू होतो. प्रसारण झालं की कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ त्याला २५ वर्षं सांभाळतं. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. चर्चा आकड्याची झाली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी पाहिलं ते हे, की भारतातलं टीव्ही एकाकडे गेलं आणि डिजिटल दुसऱ्याकडे. मधला बांध कुठं पडतो, यावरच आमचे दिवस जातात. शिवाय २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. दुसऱ्याच्या रानातून गेलेली वहिवाटीची वाट म्हणजे काय, हे मला पुस्तकातून समजावून घ्यावं लागलं नाही.

आणि सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. बाबांना वाटलं, पोरीनं शिकलेलं पाण्यात घातलं. तुम्ही स्वतः घरी आलात, चहा गार होईपर्यंत त्यांना समजावलंत की सनद जात नाही, स्थगित राहते, पुन्हा चालू करता येते. बेंगळूरला बार कौन्सिलकडे पाठवायचा अर्जही तुम्हीच तपासलात. निघताना मला म्हणालात, "पक्षकार एकच असला तरी त्याला आवडेल ते मत द्यायचं नाही." सही आजच हवी म्हणून वरून फोन येतात तेव्हा मी नकार लेखी देते, कारणांसकट. ते बळ तुमचं आहे, काका. मनापासून आभार.

आता एक काम. गावच्या यात्रेतलं जंगी कुस्ती मैदान यूट्यूबवर थेट दाखवायला एक चॅनलवाला आलाय. कमिटीकडून त्याला तोंडी होकार हवाय, आणि व्हिडिओ कायमचे त्याचेच. मी दोन पानी करार केलाय: मुदत एका यात्रेची, रेकॉर्डिंगची प्रत कमिटीकडे, जाहिरातीच्या पैशातला वाटा मल्लांच्या इनामात. मराठी मसुदा पाठवते. कन्नड प्रत तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय सही करू नका, असं अध्यक्षांना सांगून ठेवलंय.

तुमची ज्युनिअर