'ॲरेऑफ'मधून सोडवलंत, ताई

ताई, नमस्कार. तुम्हाला तेव्हा घाईत एका ओळीत थँक्यू टाकलं होतं, पण तेवढ्यावर मन भरेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांना एक्सएमएलशी (टॅगमध्ये डेटा लिहायची पद्धत) कधी काम पडलं नाही त्यांना वाटेल की एलिमेंटच्या, म्हणजे टॅगच्या, नावाचं एवढं काय, पण फाईल रोज रिजेक्ट होऊन परत येत असेल आणि रोज त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असेल तर ते नावच सगळं काही होतं.

झालं होतं एवढंच. ऑर्डरडीटीओ नावाच्या क्लासची लिस्ट डॉटनेटच्या एक्सएमएलसीरियलायझरला (कोडमधल्या डेटाचं एक्सएमएल करून देणाऱ्या क्लासला) दिली की बाहेर रूट, म्हणजे सगळ्यांत बाहेरचा टॅग, यायचा 'ॲरेऑफऑर्डरडीटीओ' आणि आत प्रत्येक नोंद 'ऑर्डरडीटीओ'. समोरच्या सिस्टीमला हवं होतं बाहेर 'ऑर्डर्स' आणि आत 'ऑर्डर'. त्यांचा स्कीमा, म्हणजे फाईलची ठरलेली रचना, एक अक्षर इकडचं तिकडे चालवून घेत नाही, कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी एक्सएमएलच्या दृष्टीने ते नाव वेगळंच.

तुमच्या आधी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवत नाही. एकाने सांगितलं स्ट्रिंगवर रिप्लेस मार आणि मोकळा हो. अरे पण रूटच्या टॅगमध्ये नेमस्पेस (नावं कुठल्या गटातली ते सांगणाऱ्या खुणा) असतात, ब्रॅकेटसकट शोधलं तर तो सापडतच नाही आणि ब्रॅकेट सोडून शोधलं तर आतला डेटासुद्धा बदलायची भीती, हे त्याला ऐकूनच घ्यायचं नव्हतं. दुसरे म्हणाले आता एक्सएमएल कोण वापरतं, जेसन पाठवा. जणू ते ठरवणं माझ्या हातात होतं! तिसऱ्यांनी डॉक्युमेंटेशन वाच म्हणून सांगितलं. वाचलं होतं हो, प्रत्येक ॲट्रिब्यूटचं (कोडवर लावायच्या खुणेचं) पान वेगवेगळं वाचलं होतं, पण कुठला कधी लागू होतो आणि कधी गप्प बसतो हे त्या पानांवरून जुळेना.

तुम्ही मात्र माझा कोड बघायच्या आधी म्हणालात, "तुम्हाला जे एक्सएमएल हवंय ते आधी हाताने लिहून दाखवा." मी लिहिलं आणि मग तुम्ही एकेका टॅगवर बोट ठेवून विचारत गेलात की हे नाव कोण ठरवतं. तिथे डोक्यातलं धुकं गेलं. क्लासवर लावलेला एक्सएमएलरूट ॲट्रिब्यूट त्या क्लासचा ऑब्जेक्ट स्वतः डॉक्युमेंटचा रूट असेल तेव्हाच कामाला येतो, लिस्टमधला आयटम म्हणून आला की नाव एक्सएमएलटाईपवरून घेतलं जातं. लिस्ट हा तर आपला क्लासच नाही, मग तिच्या रूटचं नाव सीरियलायझर बनवताना कन्स्ट्रक्टरमध्येच द्यायचं. आणि ऑर्डरच्या आतल्या लिस्टसाठी बाहेरच्या वेष्टणाला एक्सएमएलॲरे, आतल्या नगाला एक्सएमएलॲरेआयटम, वेष्टणच नको असेल तर त्या लिस्टवर नुसतं एक्सएमएलएलिमेंट. बास. फाईल पास झाली.

पण ताई, मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. माझं काम झालं होतं, मी थँक्यू म्हणून निघूनही गेलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीही न विचारता तुमचा मेसेज आला, की काल सांगितलेला रूटवाला कन्स्ट्रक्टर लूपमध्ये किंवा प्रत्येक रिक्वेस्टला नवा बनवू नका, नुसता टाईप घेणारा कन्स्ट्रक्टर आतल्या आत कॅश होतो (एकदा बनलेलं साठवून परत वापरलं जातं) पण हा होत नाही, दरवेळी नवीन असेंब्ली (तयार कोडचा गठ्ठा) बनते, ती अनलोड होत नाही आणि मेमरी चढत जाते, तेव्हा एकदाच बनवून स्टॅटिकमध्ये ठेवा. खाली लिहिलं होतं, "रात्री आठवलं, काल सांगायचं राहिलं."

हे कोण करतं? टेस्टिंगमध्ये ते कधी दिसलं नसतं, हळूहळू सर्व्हिस जड होत गेली असती आणि तोवर तुमचा त्याच्याशी संबंधही उरला नसता, कुणी तुम्हाला विचारायलाही आलं नसतं. तरी आपण दिलेलं उत्तर पुढे जाऊन कुणाला त्रास देईल का याचा विचार तुम्ही रात्री घरी बसून केलात, तेही ज्याच्याशी धड ओळख नाही अशा माणसासाठी. हुशार लोक आमच्या क्षेत्रात पुष्कळ भेटतात, पण सांगून झाल्यावरही सांगितलेल्याची काळजी वाहणारी माणसं फार थोडी, आणि खरं सांगतो, आमची अर्धी कामं त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांचं नाव कुठल्या रिलीज नोटमध्ये येत नाही.

तुमचा मेसेज मी जसाच्या तसा त्या स्टॅटिक ओळीच्या वर कॉमेंटमध्ये टाकलाय, म्हणजे पुढचा कुणी ती ओळ उगाच हलवणार नाही. आणि हो, तुम्ही शेवटी विचारलं होतं रूटवरच्या त्या दोन नको असलेल्या नेमस्पेसचं काय झालं. रिकामा प्रिफिक्स आणि रिकामी नेमस्पेस टाकलेला एक्सएमएलसीरियलायझरनेमस्पेसेस सीरियलाईझला पास केला, गेले दोन्ही. मनापासून आभार, ताई.