बुद्धिबळाच्या कोड्यांची छाननी संगणकाकडून व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पांढऱ्याने दोन खेळ्यांत मात करावी’ अशी कोडी येतात आणि अमळनेर, पारोळा, चोपडा या भागांतील मुले ती आवडीने सोडवतात. मात्र हल्ली बरीच मुले पटावर मोहरे मांडण्याआधीच ती स्थिती मोबाइलवरील स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमपुढे ठेवून पहिली खेळी उतरवून घेतात. संगणक नकोच, असे माझे म्हणणे नाही (आणि आता ऐकणार तरी कोण?), पण त्याला विचारायचा प्रश्न बदलायला हवा.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी यांचे प्रसिद्ध कोडे पाहावे. पांढरा राजा सी८, हत्ती ए१ आणि प्यादे बी६ वर आहे. काळा राजा ए८, उंट बी८ आणि प्यादी ए७ व बी७ वर आहेत. ‘हत्ती ए६’ एवढे सांगून संगणक मोकळा होतो. हत्ती प्याद्याच्या तोंडी का द्यायचा, हे कळण्यासाठी तो मुद्दाम ए२ वर ठेवून काळ्याचे उत्तर मागावे. ए७ चे प्यादे पुढे सरकते आणि मात हुकते. हत्ती ए६ वर आला की ते प्यादे जागीच अडते, आणि त्याने बी६ चे प्यादे मारावे तर राजा उघडा पडतो. उरतात दोनच वाटा: उंट हलला तर हत्ती ए७ चे प्यादे मारून मात करतो, बी७ च्या प्याद्याने हत्ती मारला तर पांढरे प्यादे बी७ वर जाऊन मात करते. काळ्याला खेळी न करता बसता आले असते, तर मात झालीच नसती!

स्टॉकफिशसारखी डाव खेळणारी इंजिने (प्रोग्रॅम) वेळ वाचवण्यासाठी खेळ्यांच्या अनेक शाखा छाटतात, आणि ‘एक खेळी सोडून दिली तरी आपले बरे चालले आहे ना’ हे पाहून शोध आवरता घेतात. खेळी करणे भाग पडते म्हणूनच मात ओढवते, अशा कोंडीच्या लांबलचक कोड्यांत नेमका हाच आडाखा दगा देऊ शकतो. याउलट १९५१ मध्ये मँचेस्टर येथे डिट्रिख प्रिन्झ यांनी लिहिलेला प्रोग्रॅम एकेक खेळी इमानाने तपासत असे आणि दोन खेळ्यांतली मात शोधायला त्याला सुमारे १५ मिनिटे लागत. प्रत्येक वळणावर ३० खेळ्या धरल्या, तर दोन खेळ्यांच्या कोड्यात (पांढरा, काळा, पांढरा अशी तीन वळणे) २७ हजार आणि तीन खेळ्यांच्या कोड्यात (पाच वळणे) २ कोटी ४३ लाख शक्यता होतात. खास कोड्यांसाठी असलेला ‘पॉपाय’ हा मोफत प्रोग्रॅम आज हे काम चोख करतो.

तेव्हा विनंती अशी की, छापण्याआधी प्रत्येक कोडे त्यावर तपासावे, कारण दुसऱ्या एखाद्या पहिल्या खेळीनेही मात होत असेल तर ते कोडे सदोष ठरते. तसेच वाचकांकडून उत्तर मागवताना पहिल्या खेळीसोबत फसणारी निदान एक खेळी आणि तिला काळ्याचे नेमके उत्तर लिहून पाठवण्याची अट घालावी. मग कोणी मोबाइल वापरला तरी आमची हरकत नाही.

आपला,
एक बुद्धिबळ शिक्षक, अमळनेर