तळमजल्यावरची टाकी

गावभाग, सांगली
9 फेब्रुवारी

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी माशांची नवी टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली. रात्रभर तशीच ठेवली आणि आज सकाळी खालून, मागून, प्रत्येक कोपऱ्यावरून कोरडा कागद फिरवून पाहिला; कुठेही ओल नाही. घरात सगळे आनंदात आहेत, सुमनताईने तर शेजारी पेढे वाटले. मला मात्र रात्रभर झोप आली नाही आणि त्याचे कारण गळतीची भीती हे नव्हते. ते कारण तुझ्याखेरीज कुणाला पटणार नाही, म्हणून सगळी कामे बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर आटोक्यात आहे.

आधी टाकीचे सांगतो. बाहेरून आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. पाणी सव्वादोन फूट धरले तरी 1,400 लिटर मावते. प्लायवूड 19 मिमीचे, आयएस 710 शिक्क्याचे मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारे. शिक्क्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून एक तुकडा परसातल्या चुलीवर दिवसभर उकळला. त्याचा एकही थर सुटला नाही, तेव्हा कुठे बाकीचे तावे घरी आणले. रज्जाकमामांनी ते पाहून विचारले, की एवढ्या लाकडात नाव होते, मग माशांसाठी पेटी कशाला करता. गावभागात नावच जास्त उपयोगी पडेल. आम्ही दोघे खूप हसलो, पण आता वाटते, माझ्या सगळ्या काळजीचे मूळ त्यांच्या त्या वाक्यातच होते.

आतून इपॉक्सी, म्हणजे पाणी न झिरपू देणारा राळेचा लेप, कोपऱ्यांत फायबरग्लासचे कापड. पहिला हात परतीच्या पावसात दिला होता. दमट हवेत इपॉक्सी सुकताना त्यावर मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिशपेपर मारूनच पुढचा हात द्यावा लागतो, नाहीतर वरचा थर पोपडा होऊन निघतो. हे काम मामांनी फार निगुतीने केले. काच फक्त पुढच्या बाजूला, 15 मिमीची, आणि ती आतून बसवली आहे, म्हणजे पाण्याचा रेटा तिला चौकटीवरच दाबून धरतो. तू पूर्ण काचेच्या टाकीसाठी माझ्याशी किती भांडला होतास! बापूकाकांच्या ओट्यावर रात्री बारापर्यंत तो वाद चालला आणि शेवटी काकूंनी दिवा मालवला. विश्वास, मी अजूनही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकीच्या लांबी-रुंदीवर नाही. तरीही या उंचीला लांबीच्या एका भिंतीवर मिळून साडेपाचशे किलोंहून अधिक रेटा येतो. तो लाकडाच्या तीन भिंती आणि वरच्या दोन आडव्या पट्ट्या मुकाट पेलतात. चारही बाजू काचेच्या केल्या असत्या तर तेवढ्या खर्चात माडीला नवे छप्पर झाले असते.

आता खरी गोष्ट. आपण शाळेत असल्यापासून टाकी माडीवर ठेवायची म्हणत होतो. ते होणे नाही. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोंच्या हिशेबाने धरतात; पाणी, वाळू, काच, लाकूड मिळून ही टाकी 1,700 किलोंच्या घरात जाते आणि तिचा तळ जेमतेम सव्वादोन चौरस मीटर आहे. म्हणून ती खाली, ओटीवर, विटांच्या दोन फुटी कट्ट्यावर बसवली. आणि ओटी म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. आयर्विन पुलाखाली 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली होती. त्या वेळी आपल्या ओटीत साडेपाच फूट पाणी होते. टाकीचा काठ जमिनीपासून साडेचार फुटांवर येतो.

रात्रभर मी हाच हिशेब करत होतो. पूर आला आणि टाकी रिकामी असली, तर ती तरंगेल आणि भिंतींवर आदळत राहील. खाली जखडून ठेवली, तर बाहेरचे पाणी काचेला आत ढकलेल, आणि त्या दिशेने काचेला सिलिकॉनखेरीज कशाचाच आधार नाही. म्हणजे पुरात ती भरलेलीच ठेवली पाहिजे. तेव्हा आतले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा नेहमी वर राहील आणि 2021 सारखा पूर ती सहज सोसेल. पण 2019 सारखा आला तर नदी काठावरून आत येईल आणि आतले सगळे नदीत जाईल. कोयनेतून विसर्ग वाढला की आम्ही आईला, गॅसच्या टाकीला, कागदपत्रांना माडीवर नेतो. त्या धांदलीत फूटभर लांबीचे मासे कोण आणि कशात नेणार?

तुला आपले दोन ऑस्कर मासे आठवत असतील. पाणी ओसरल्यावर जुनी काचेची टाकी चिखलात आडवी सापडली होती आणि अंगणातल्या डबक्यात एक चिलापी जिवंत फिरत होती. तू म्हणालास, ऑस्कर गाळात मेले. मी म्हणालो, ते हरिपूरच्या संगमापर्यंत पोहोचले असतील. त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. तुझेच खरे असावे असे मला मनापासून वाटते, पण तसे धरून चालण्याचे धैर्य माझ्याजवळ नाही. चिलापी मुळात आफ्रिकेतली, ती आज आपल्या भोयांच्या जाळ्यात रोज असते. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा लोकांनी टाक्यांतून सोडला आणि तो आपल्या देशातल्या कितीतरी नद्यांत, तळ्यांत पसरला. ऑस्करही तिथलाच, शिवाय तोंडात मावेल ते खाणारा.

म्हणून मी ठरवले आहे, की या टाकीत कृष्णेचेच मासे ठेवायचे. नदीने नेले तर ते आपल्याच पाण्यात जातील. ऑस्करांची जोडी पुन्हा आणण्याचे आपण दोघांनी ठरवले होते, त्यातला निम्मा शब्द तुझा आहे, त्यामुळे हे तुझ्या होकारावाचून मी करणार नाही.

कोणते मासे, हेही अजून पक्के नाही. वाम मला फार हवी आहे. वाळूत अंग पुरून नुसते तोंड बाहेर ठेवलेली वाम तासन्‌तास पाहत बसावी. पण ती बोटभर फटीतूनही निसटते, त्यामुळे झाकण अगदी घट्ट करावे लागेल. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणजे पुरात वीज गेली आणि पंप बंद पडला तरी तीच टिकेल, परंतु ती असली की दुसरे कुणी उरणार नाही. महसीर मीटरभर वाढतो. त्याला आठ फुटांत कोंडणे मला मान्य नाही. अंगावर एकच काळी रेघ असलेल्या त्या लहान चंदेरी माशांचा थवा मात्र नक्की. आणि तू पुण्याहून आणलेले ते पट्टेरी लोच मासे आठवतात ना, ज्यांना आपण परदेशी समजत होतो? ते आपल्याच खोऱ्यातले. 1920 साली त्या जातीची पहिली नोंद झाली ती तुंगा नदीतली, आणि तुंगा तुंगभद्रेच्या वाटेने कृष्णेलाच मिळते. ती जात आता धोक्यात आहे, म्हणून नदीतून धरलेले लोच विकत घ्यायला मन धजत नाही. कुणी टाकीत पैदास केलेले देत असेल, तर तू नाशिकला चौकशी कर.

नव्या घराचे काम कुठवर आले? वहिनींची बदली झाली का? अनघाला दहावीसाठी माझे आशीर्वाद सांग. परीक्षा झाली की तिला इकडे पाठव, भडंग होईल.

टाकीत आजपासून वाळू आणि फिल्टर आहे, मासे नाहीत. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मी हरिपूरच्या भोयांना काही सांगणार नाही. तुझे उत्तर त्याआधी येऊ दे. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू लगेच हो म्हणतोस आणि मग वर्षभर कुरकुरतोस. शिवाय बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप तिकडे चांगले मिळत असतील तर घेऊन ठेव, पैसे मी देईन.

तुझा,
प्रमोद